रंगाचा सातबारा

माझी वकिली धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची. हिंगणघाटच्या कोर्टात माझ्याकडे येणाऱ्या दहा पक्षकारांतले सात ‘शेजाऱ्यानं धुरा कोरला’ म्हणून येतात, बाकीचे वाटणीपायी. ट्रेडमार्कचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला होता, आणि पुढची वीस वर्षं त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही. तो कपाटातून काढावा लागला माझ्या गावच्या बचत गटामुळे. गटातल्या बाया वायगाव हळद दळून शंभर-शंभर ग्रॅमच्या पाऊचमध्ये भरतात आणि समुद्रपूर, हिंगणघाट, वर्ध्याच्या दुकानांत ठेवतात. छापील पाऊच करायचे तर छपाईच्या सिलिंडरचा खर्चच त्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणून नागपूरच्या इतवारीतून कोरे रंगीत पाऊच आणायचे आणि त्यावर स्टिकर चिकटवायचं, ही त्यांची पद्धत. एका खेपेला दुकानदाराकडे एका रंगाचा माल पडून होता, त्यानं तो स्वस्तात लावला. सहा महिन्यांनी स्पीड पोस्टानं सात पानांची इंग्रजी नोटीस आली. एका मोठ्या कंपनीच्या दिल्लीतल्या वकिलाची. पाऊचचा हा रंग आमची ओळख आहे, पंधरा दिवसांत माल बाजारातून उचला, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावू.

त्या रंगाला नोटिशीत ‘मरून’ म्हटलं होतं, इतवारीच्या बिलात ‘वाइन’, आणि गटाच्या अध्यक्ष काकू पहिल्या दिवसापासून त्याला आमसुली म्हणत होत्या. नोटिशीचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “भाऊ, रंग त्यायच्या नावावर हाये म्हणतात, त मंग सातबारा दाखवा म्हणा ना त्यायले!”

सातबारा नव्हता. कंपनीची नोंदणी होती ती नावाची आणि लेबलची. नुसत्या रंगाची नोंद कुठेच नव्हती. तरीही गटानं पाऊच बदलले. कोर्टात गेला असता तर गट बहुधा जिंकला असता, पण ‘बहुधा’च्या भरवशावर वकिलाची फी भरायला कोणती बाई घरातलं सोनं गहाण टाकेल?

हा किस्सा वकिलांच्या बार रूममध्ये निघाला, तिथून चहाच्या टपऱ्यांवर गेला, आणि एकट्या रंगाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी व्हावी की नाही यावर आमच्याकडे चक्क वाद रंगला. तो ऐकूनच हे लिहायला बसलो, कारण दोन्ही बाजू भलत्याच जागी भांडत होत्या. एक बाजू म्हणे, रंग देवानं दिले, ते कोणाच्या बापाचे कसे होतील? सफरचंदही देवानंच दिलं. तरी त्याचं इंग्रजी नाव मोबाइलवर छापून विकून पाहा, काय होतं ते. शब्द सगळ्यांचे असूनही एका मालापुरते एकाचे होतात, हाच तर या कायद्याचा पाया आहे. मग कोणीतरी हळदीच्या पेटंटची गोष्ट काढली. ती निघणारच होती. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. गोष्ट खरी आणि अभिमानाचीही, पण इथे लागू पडत नाही. ते पेटंट गेलं कारण त्यात नवं काही नव्हतं. ट्रेडमार्कला नवेपणा लागतच नाही. आणि पेटंट वीस वर्षांत संपतं. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी फी भरून नूतनीकरण करत राहिलं तर कधीच संपत नाही. दुसरी बाजू त्याहून सोपी: नाव रजिस्टर होतं, चित्र होतं, डब्याचा आकार होतो, मग रंगानंच काय घोडं मारलं?

माझं मत आधीच सांगतो. एकट्या, सुट्या रंगाची नोंदणी होऊ नये. रंगाच्या आडून कोणी गिऱ्हाइकाला फसवत असेल तर त्याला कोर्टात खेचता आलं पाहिजे, आणि ते आजही येतं. पण प्रत्येक वेळी फसवणूक सिद्ध करून. नोंदवहीतला कागद दाखवून नव्हे.

कायद्यात काय आहे? १९९९ चा ट्रेडमार्क कायदा २००३ मध्ये अमलात आला. त्यातल्या ‘चिन्हा’च्या व्याख्येत नाव, सही, शब्द, अक्षर, आकडा, मालाचा आकार, वेष्टन आहे, आणि ‘रंगांचा संयोग’ आहे. रंगांचा, रंगाचा नव्हे. एका अनुस्वाराचा हा फरक दिल्ली उच्च न्यायालयात गाजला तो लुबुताँ या फ्रेंच कंपनीच्या बायकांच्या उंच टाचांच्या बुटांवरून. या बुटांचा तळ लाल असतो. (आमच्या मातीत तो आठ दिवसांत काळा झाला असता, ते सोडा.) डिसेंबर २०१७ मध्ये एका न्यायमूर्तींनी लाल तळाला सर्वज्ञात चिन्ह मानून संरक्षण दिलं. मे २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी, कायदा रंगांच्या संयोगाबद्दल बोलतो, एकटा रंग त्यात बसतच नाही, म्हणून त्याच कंपनीचा दुसरा दावा फेटाळला. सहा महिन्यांच्या आत, एकाच इमारतीतून, दोन टोकं. तेव्हा ‘कायद्यानं ठरलेलं आहे’ असं दोन्ही बाजूंपैकी कोणी म्हणत असेल तर तो कायदा न वाचता बोलतोय.

आता समोरच्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूनं नीट मांडतो. व्याख्येत ‘यात समाविष्ट आहे’ असा शब्द आहे, म्हणजे यादी बंद नाही. यादीत नाही ते वर्ज्य असं होत नाही. मान्य. व्याकरणावर हा खटला जिंकता येणार नाही. दुसरं म्हणजे यादीत एकटं अक्षर आहे, एकटा आकडा आहे. मुळाक्षरं तर मोजकीच, तरी त्यातलं एक नोंदवता येतं. मग लाखो छटांपैकी एक का नाही? हा मुद्दा मला बरेच दिवस छळत होता. तिसरं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये क्वालिटेक्स खटल्यात हेच एकमतानं मान्य केलं. ड्रायक्लीनिंगच्या इस्त्रीयंत्रावर घालायच्या गाद्या, त्यांचा हिरवट सोनेरी रंग. न्यायालयाचं म्हणणं असं की चिन्हाचं काम माल कोणाचा हे सांगणं. वर्षानुवर्षांच्या वापरानं रंग ते काम करत असेल तर त्याला अडवायचं कारण काय? रंग संपून जातील ही भीती अवास्तव आहे, आणि जिथे रंग मालाला उपयोगीच असेल तिथे नोंदणी नाकारण्याची सोय आहेच.

आणि चौथं, सगळ्यांत वजनदार, हे दिल्लीत कोणी बोलत नाही. आमच्या कृषी केंद्राच्या फळीसमोर उभं राहिलं की कळतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे उभा असलेला म्हातारा बियाण्याचं नाव घेत नाही. तो खिशातून गेल्या वर्षीच्या रिकाम्या पिशवीचा घडी घातलेला तुकडा काढतो आणि म्हणतो, “हेच पाह्यजे.” नाव इंग्रजीत, आकडे बारीक, रंग तेवढा ओळखीचा. ट्रॅक्टरही आमच्याकडे ‘हिरवा’, ‘लाल’, ‘निळा’ असाच ओळखला जातो. ज्याला वाचता येत नाही त्याचं अक्षर म्हणजे रंग. मग रंगाला संरक्षण नाकारणं म्हणजे वाचता येणाऱ्यांची फसवणूक गुन्हा आणि न येणाऱ्यांची माफ, असं नाही का होत?

उत्तर द्यायचं ते इथूनच. त्या म्हाताऱ्याला फसवणारा काय करतो? तो नुसता रंग उचलत नाही. रंग, अक्षरांची ठेवण, कापसाच्या बोंडाचं चित्र, पिशवीचा आकार, सगळा अवतार उचलतो आणि नावातलं एक अक्षर बदलतो. त्या सगळ्याला आजचा कायदा पुरेसा आहे. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं, ज्याला आम्ही वकील ‘पासिंग ऑफ’ म्हणतो, त्याला नोंदणी लागतच नाही. २००१ च्या कॅडिला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की आपल्याकडचा गिऱ्हाईक खेड्यातला, इंग्रजी न येणारा असू शकतो, तेव्हा फसगत होते की नाही हे त्याच्या नजरेनं पाहा. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कोलगेटच्या लाल-पांढऱ्या दंतमंजनाच्या डब्याला संरक्षण दिलं, नावं अगदी वेगळी असूनही. हिरवं धूड आणि पिवळी चाकं या डिअर कंपनीच्या ट्रॅक्टरच्या जोडीलाही मिळालं. तो अडाणी म्हातारा कायद्याच्या बाहेर राहिलेला नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडचं चोरबीटीचं, म्हणजे मान्यता नसलेल्या कपाशीचं, बियाणं बहुतेक वेळा कुठल्याच धड लेबलशिवाय, रात्रीतून, ओळखीच्या माणसाकडून येतं. त्याला आळा घालायला रंगाची नोंदणी काय कामाची? म्हाताऱ्याचं नाव पुढे करून नोंदणी मागणाऱ्यांनी एकदा त्याला विचारावं.

अक्षराचं कोडंही मला शेवटी पाऊच भरतानाच सुटलं. अक्षर न छापता पाकीट करता येतं. हळदीच्या पाकिटावर ‘क’ काढायलाच हवा अशी सक्ती कोणावर नाही. रंगाशिवाय मात्र पाकीट होतच नाही. पारदर्शक पिशवी घेतली तरी आतल्या मालाचा रंग दिसतोच. धंद्यात पडलेल्या प्रत्येकाला जी गोष्ट वापरावीच लागते ती एकाच्या नावावर करायची, आणि वर म्हणायचं की बाकीच्या छटा मोकळ्या आहेत?

छटा मोकळ्या राहत नाहीत, हे धुऱ्याच्या वकिलाइतकं कोणाला ठाऊक असणार! धुरा कधीच रेघ नसतो. त्याला रुंदी असते, त्यावर बोरी-बाभळी असतात, आणि दर नांगरटीला तो एखादं तास सरकतो. रंगाचंही तेच. समजा, कंपनीनं एका पॅन्टोन क्रमांकाची (छपाईवाले छटा ओळखायला वापरतात तो क्रमांक) अगदी नेमकी छटा नोंदवली. कायदा बंदी घालतो ती त्या छटेलाच नव्हे, ‘फसवं साम्य’ असलेल्या प्रत्येक छटेला. आणि माणसाला छटा आठवत नाही, त्याला रंगाचं नाव आठवतं. आपल्या भाषेत ही नावं किती आहेत! डाळिंबी, अंजिरी, अबोली, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, चिंतामणी, पारवा. बहुतेक नावं कुठल्या तरी फळाच्या, फुलाच्या, पाखराच्या अंगावरून उतरवलेली. लुगड्याच्या दुकानात गेलेली बाई यातल्या प्रत्येकात फरक करते. तीच बाई घाईत मसाल्याचं पाकीट उचलताना लाल, पिवळा, हिरवा एवढंच पाहते. म्हणजे नोंदणी एका छटेची आणि धाक सगळ्या लालांवर. त्यात वैशाखातल्या दुकानाची कल्पना करा. ओसरीच्या दोरीला लोंबणारी पाकिटं मार्चमध्ये आमसुली असतात आणि मेअखेर फिकट विटेसारखी दिसतात. उन्हानं ज्या दिवशी गटाचं पाकीट कोणाच्या नोंदणीकृत छटेवर आणून ठेवलं, त्या दिवशी उल्लंघन झालं का? हसू नका, कोर्टात यावर उलटतपासणी होऊ शकते.

विलायतेत झालीच जवळपास. कॅडबरीनं आपल्या जांभळ्या रंगासाठी २००४ मध्ये अर्ज केला, नेस्लेनं विरोध केला, आणि २०१३ मध्ये तिथल्या अपिलीय न्यायालयानं सांगितलं की ‘वेष्टनावर प्रामुख्यानं दिसणारा जांभळा’ या वर्णनातून नेमकं एक चिन्ह निघतच नाही. एका जांभळ्यासाठी नऊ वर्षं. भांडणारे दोघंही जगातले बलाढ्य, म्हणून ते भांडू तरी शकले. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १९०६ मध्ये, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय तारेच्या दोरावरच्या रंगीत पट्ट्याच्या नोंदणीपुढे थबकलं होतं. अर्जदारानं ‘लाल किंवा दुसरा कुठलाही उठून दिसणारा’ पट्टा मागितला होता, आणि न्यायालयानं हे फार ऐसपैस आहे म्हणून नाकारलं. मागणाऱ्याचा हात कुठवर पोचतो ते तेव्हापासून दिसतंय.

राहिला उपयोगी रंगांचा मुद्दा. जिथे रंग कामाचाच आहे तिथे नोंदणी मिळणार नाही, असं समोरचे म्हणतात. अमेरिकेत ते खरं आहे. आपल्या कायद्यात ती अट शोधून दाखवा. नवव्या कलमाचं तिसरं उपकलम काढा: मालाच्या स्वरूपामुळे आलेला, तांत्रिक कामासाठी लागणारा किंवा मालाला मोल देणारा ‘आकार’ नोंदवता येणार नाही, असं त्यात आहे. आकार. रंगाचा शब्दही नाही. युरोपनं आपल्या कायद्यात ‘आकार किंवा अन्य गुणवैशिष्ट्य’ अशी दुरुस्ती करून घेतली. आपण केलेली नाही. म्हणजे दार उघडायला निघालेल्यांनी कडी अजून बसवलेलीच नाही.

आणि कामाचे रंग आमच्या शेतात जागोजागी आहेत. कपाशीत पांढऱ्या माशीसाठी काठीला चिकट पिवळे सापळे लावतात, फुलकिड्यांसाठी निळे. किडीला तोच रंग ओढतो. उद्या सापळ्याच्या पिवळ्यावर कोणी हक्क सांगितला तर बाकीच्यांनी काय गुलाबी सापळे विकायचे? रेशनचं रॉकेल निळं होतं ते काळ्या बाजारात गेलं तर ओळखू यावं म्हणून. बियाण्याच्या थैलीला शिवलेली पट्टी पैदासकार बियाण्याची सोनेरी पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी. आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचा तो तिरपा चौकोन: खालच्या अर्ध्या भागात लाल असेल तर अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, अशी उतरती विषारीपणाची भाषा १९७१ च्या नियमांनी ठरवून दिली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर गावोगावच्या सभांमधून आम्ही सांगत फिरलो की नाव वाचता आलं नाही तरी चालेल, आधी त्या चौकोनाचा रंग पाहा. त्याच डब्याचं अंग एखादी कंपनी आपला ‘नोंदणीकृत’ हिरवा म्हणून रंगवणार आणि त्यावर बोटभर चौकोन लाल असणार. मजूर दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवील? ज्याला वाचता येत नाही त्याचं अक्षर म्हणजे रंग, हे समोरच्यांचंच वाक्य आहे ना? मग ते अक्षर सगळ्यांसाठी सारखं नको का?

पण या सगळ्याहून मला नोंदणीची भीती वाटते ती माझ्या धंद्यामुळे. कागदावर नाव चढलं की काय होतं हे मी रोज पाहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं १५७ वं कलम सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. ज्याच्या नावावर सातबारा तो घरी बसतो. ज्याच्या ताब्यात जमीन आणि नावावर काही नाही तो तारखांना फिरतो. ट्रेडमार्क कायद्याचं ३१ वं कलम हेच करतं. नोंदणी हाच तिच्या वैधतेचा प्रथमदर्शनी पुरावा. २९ व्या कलमाप्रमाणे चिन्ह तेच आणि माल तोच असेल तर गिऱ्हाइकाचा गोंधळ होणार हे कोर्ट गृहीत धरतं. आज आमच्या गटाविरुद्ध कंपनीला सिद्ध करावं लागलं असतं की हा आमसुली पाहून लोकांना आमचीच आठवण होते आणि लोक फसले. उद्या रंग नोंदला गेला की गटालाच सिद्ध करत बसावं लागेल की असं काही नाही.

आणि कुठे? नोंदणी नसलेल्या रंगाचा दावा सहसा जिथे माल विकला किंवा जिथे प्रतिवादी राहतो तिथे, म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात. नोंदणीकृत चिन्हाला १३४ वं कलम जास्तीची मुभा देतं: वादी स्वतः जिथे धंदा करतो तिथेही दावा लावता येतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या मुभेला थोडा लगाम घातला, पण मुख्य कचेरीच्या गावी दावा लावायची वाट मोकळीच राहिली. एका शिक्क्यानं खटला वर्ध्याहून दिल्लीला जातो. काकूंना नागपूरचं इतवारी लांब वाटतं. त्याहून एक बारीक कलम आहे, १४२ वं. विनाकारण दाव्याची धमकी देणाऱ्यावर धमकी मिळालेला माणूसच उलटा दावा लावू शकतो. आमच्या गटाला आलेल्या नोटिशीवर मला हेच अस्त्र वापरायचं होतं. बाया नको म्हणाल्या तो भाग वेगळा. चिन्ह नोंदणीकृत असेल आणि मालकानं वेळेत दावा लावला तर हे अस्त्र बोथट होतं. ‘नोंदणी नसतानाही नोटीस आलीच ना, मग नोंदणीनं काय बिघडणार?’ असं एका तरुण सहकाऱ्यानं मला विचारलं होतं. हेच बिघडणार. आज नोटीस हा धाक आहे, उद्या तो हक्क होईल.

‘हरकत घ्यायची सोय आहे की’ असंही तो म्हणाला. आहे. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो, चार महिन्यांच्या आत २,७०० रुपये भरून ऑनलाइन हरकत घेता येते. जर्नल इंग्रजीत, दर आठवड्याला, हजारो चिन्हांचं. हळद उकळायच्या हंगामात आमच्या गटानं ते चाळावं आणि पुढच्या वर्षी इतवारीत कोणता रंग स्वस्त मिळेल याचा अंदाज बांधून आजच हरकत नोंदवावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी काय वाद घालणार?

यावरून मला पुसद आठवतं. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापलं आणि तुरुंगवास पत्करला. आपल्याकडे मिठाचा समुद्र नव्हता, गवत होतं. सरकारचं म्हणणंही वरवर वाजवीच होतं: गवत भरपूर आहे, कापायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त परवाना काढा. गवत संपेल म्हणून लोक गेले नव्हते. काल सहज करत होतो ती गोष्ट आज कोणाला तरी विचारून करावी लागते, हे त्यांना खुपलं. रंग लाखो आहेत, संपणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. रंग संपणार नाहीत, मान्य. पण पाऊच घ्यायला गेलेल्या बाईनं आधी वकिलाला फोन करायचा, हे कुठून आलं? तुलना ताणली जातेय हे मला कळतं. सरकारनं जंगलात गवत पेरलं नव्हतं, आणि कंपनीनं रंगाची ओळख पैसे ओतून घडवलेली असते. त्या ओळखीचं मोल तिला पासिंग ऑफच्या दाव्यात मिळतंच. ओळख घडवली म्हणून रंगाची मालकी मिळत नाही. पोळ्याला शिंगं रंगवली म्हणून हिंगूळ कोणाचा होत नाही.

मग धंदेवाल्यानं ओळख कशावर बांधायची? हिंगणघाटच्या माणसाला हे विचारू नये. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस मुंबईच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावानं ओळखला जायचा, चांगल्या देशी कापसात गणला जायचा. कापूस सगळाच पांढरा. रंगावर ओळख बांधायची सोयच नव्हती, म्हणून ती नावावर आणि धाग्यावर बांधली गेली. आजही वायगावच्या हळदीला, भिवापूरच्या मिरचीला, नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. पिवळा, लाल, नारंगी. तिघांचीही नोंद आहे ती गावाची आणि मालाच्या गुणाची. भिवापूरनं लाल रंग मागितला नाही आणि नागपूरनं नारंगी.

गट आता चंदेरी पाऊच वापरतो. ते महाग पडतात, पण चंदेरीवर अजून तरी कोणी बोललं नाही. आमसुली पाऊच पोतंभर उरले होते. यंदा तान्ह्या पोळ्याला गटातल्या बायांच्या पोरांनी ते कापून लाकडी बैलांच्या झुली केल्या, कडेला पांढरी जर चिकटवली. देवळापुढे बैलांची रांग लागली तेव्हा काकू मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. “पाहा भाऊ, चौदा बैलं,” त्या म्हणाल्या. “यायले नोटीस आली त वकीलपत्र तुमचंच.”